चाव्या दिल्या, ताबा दिला का?

धंदा उभा कसा करावा, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. उभा राहिलेला धंदा दुसऱ्याच्या हाती कसा द्यावा, हा विषय मात्र आपल्या घरांत कोणी काढत नाही. मुलाने काढला तर त्याचा डोळा गल्ल्यावर आहे असे वाटते. जावयाने काढला तर संशय, आणि सुनेने काढला तर विचारायलाच नको. अब्बा हयात असताना "तुमच्यानंतर काय?" असे विचारणे बेअदबीचे मानले जाते. मग एखाद्या रात्री अब्बांना अचानक दवाखान्यात दाखल करावे लागते. सकाळी दुकान उघडल्यावर कळते की बँकेत सही फक्त त्यांचीच चालते, ठोक व्यापाऱ्याशी ठरलेला भाव त्यांच्याच डोक्यात आहे, आणि उधारीच्या वहीतली निम्मी नावे "पिवळ्या घरवाले", "मशिदीमागचे" अशी लिहिलेली आहेत.

दुकानदारांच्या आणि लहान कारखानदारांच्या हिशोबाचे काम करताना हे चित्र मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता त्याचे आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य याचे वाटते की लाखो माणसांना नोकरी देणाऱ्या कंपन्यांनाही हाच प्रश्न छळतो. तिथे संचालक मंडळ असते, वकील असतात, लठ्ठ फी घेणारे सल्लागार असतात. तरीही मोठा माणूस खुर्चीवरून उठायची वेळ आली की घरातल्यासारखीच ओढाताण होते. या महिन्यात अशा तीन कंपन्यांची हकीकत सांगतो. विप्रो, इन्फोसिस आणि टीसीएस. तिन्ही संगणक क्षेत्रातल्या, तिन्ही भारतीय. पहिल्या दोघींची मुख्यालये आज बंगळुरूला असली तरी मूळ तिघींचेही आपल्याच राज्यात आहे: एकीचे अमळनेरात, दुसरीचे पुण्यात, तिसरीचे मुंबईत.

अमळनेर म्हटले की मराठी वाचकाला साने गुरुजी आठवतात. ते तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. त्याच गावात १९४५ च्या अखेरीस महंमद हशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाची कंपनी काढली. नाव होते वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. पुढे साबणही होऊ लागला. ऑगस्ट १९६६ मध्ये त्यांचे अचानक निधन झाले. मुलगा अझीम तेव्हा २१ वर्षांचा, अमेरिकेत स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकत होता. शिक्षण अर्धवट टाकून तो परत आला. राहिलेली पदवी त्याने तीस वर्षांनंतर पूर्ण केली. त्याच्या पहिल्याच सर्वसाधारण सभेत एका भागधारकाने उठून सांगितले होते की, बाबा रे, हे तुझ्या आवाक्यातले काम नाही. आपले शेअर विक आणि कंपनी एखाद्या अनुभवी माणसाच्या हाती दे. प्रेमजींनी हा किस्सा पुढे अनेकदा सांगितला. त्या सल्ल्यानेच यशस्वी व्हायची जिद्द निर्माण झाली, असे ते म्हणत.

किस्सा गोड आहे, पण मला त्या भागधारकाची चूक दिसत नाही. वडील गेले म्हणून मुलगा बसला, एवढीच त्या मुलाची तेव्हाची पात्रता होती. तो पुढे अझीम प्रेमजी निघाला, हे नशीब. आपल्याकडे हजारो घरांत असाच एकविसाव्या वर्षी मुलगा गल्ल्यावर बसतो, आणि प्रत्येक वेळी प्रेमजी निघत नाही.

प्रेमजींनी स्वतः मात्र यातून एक गोष्ट ओळखली. आपल्याला सगळे येत नाही, तेव्हा ज्यांना येते त्यांना आणायचे. १९७७ मध्ये कंपनीचे नाव विप्रो झाले. आयबीएम भारतातून बाहेर पडल्यावर संगणकाच्या बाजारात जागा रिकामी झाली, आणि तूप-साबणवाल्या कंपनीने तिथे पाऊल टाकले. १९८४ मध्ये संगणकाच्या धंद्यासाठी अशोक सूटा यांना बाहेरून आणले. ते आधी रेफ्रिजरेटरच्या धंद्यातली कंपनी चालवत होते. पंधरा वर्षे त्यांनी हा विभाग वाढवला. मालकाच्या नात्यातला नसलेला माणूस मालकाच्या कंपनीचा सर्वात महत्त्वाचा भाग सांभाळतो, हे त्या काळी आपल्या देशात सर्रास होत नव्हते.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. १९९९ मध्ये सूटा बाहेर पडले आणि त्यांनी आपली वेगळी कंपनी काढली. त्यांच्या जागी विवेक पॉल आले. तेही २००५ मध्ये गेले. मग तीन वर्षे प्रेमजींनी स्वतःच मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचे काम पाहिले. २००८ मध्ये एका खुर्चीवर दोघे बसवले, गिरीश परांजपे आणि सुरेश वासवानी. जानेवारी २०११ मध्ये दोघेही गेले आणि टी. के. कुरियन आले. २०१६ मध्ये टीसीएसमध्ये वीसहून अधिक वर्षे काढलेले आबिदअली नीमुचवाला आले. २०२० मध्ये पॅरिसचे थिएरी देलापोर्त. २०२४ च्या एप्रिलमध्ये मुदत संपण्याआधीच तेही गेले आणि श्रीनिवास पालिया आले. पालिया १९९२ पासून विप्रोतच होते. म्हणजे पंचवीस वर्षे बाहेर, आत, पुन्हा बाहेर असा शोध घेतल्यावर माणूस सापडला तो घरातलाच. दरम्यान २०१८ च्या सुमारास एचसीएल कंपनी उलाढालीत विप्रोच्या पुढे निघून गेली होती.

ही माणसे कमी कुवतीची होती असे कोणी म्हणणार नाही. मला यामागे एक साधे कारण दिसते. कंपनीचे जवळपास तीन चतुर्थांश शेअर एका माणसाशी जोडलेले, तोच अध्यक्ष, आणि त्याचे नाव म्हणजेच कंपनीचे नाव. अशा ठिकाणी मुख्य अधिकारी कितीही मोठ्या पगाराचा असो, खालचा प्रत्येक माणूस त्याच्या खांद्यावरून मागे बघतो. साहेब हे म्हणतात, पण मोठे साहेब काय म्हणतात? हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही, तरी सगळे कामकाज त्यावर चालते.

जुलै २०१९ मध्ये, ५३ वर्षांनंतर, प्रेमजी अध्यक्षपदावरून उतरले. मुलगा रिशद अध्यक्ष झाला. रिशद २००७ मध्ये कंपनीत आला होता. त्याआधी त्याने बाहेर नोकऱ्या केल्या होत्या, आणि अध्यक्ष होईपर्यंत बारा वर्षे तो कंपनीत वेगवेगळ्या जागी होता. दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. तो अध्यक्ष झाला, मुख्य कार्यकारी अधिकारी झाला नाही. मालकाने मालकाचे काम करावे आणि रोजचा कारभार त्यातल्या जाणकाराने बघावा, अशी ती वाटणी. १९६६ मध्ये हे दोन्ही एकाच एकवीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावर पडले होते.

आता इन्फोसिस. १९८१ मध्ये पुण्यात सात जणांनी दहा हजार रुपयांवर सुरू केलेली कंपनी. नारायण मूर्ती त्यांचे प्रमुख. या सात जणांनी सुरुवातीपासून एक नियम पाळला की आपल्या मुलांना कंपनीत आणायचे नाही. निवृत्तीचे वयही ठरवले. २००२ मध्ये मूर्तींनी मुख्याधिकारीपद नंदन निलेकणींना दिले, मग क्रिस गोपालकृष्णन, मग शिबुलाल. ऑगस्ट २०११ मध्ये वयाच्या पासष्टाव्या वर्षी मूर्तींनी अध्यक्षपदही सोडले. तेव्हा सगळीकडे कौतुक झाले, व्यवस्थापनाच्या वर्गांत उदाहरण म्हणून सांगितले जाऊ लागले.

दोनच वर्षे गेली. कंपनीची वाढ मंदावली, आणि जून २०१३ मध्ये संचालक मंडळाने मूर्तींनाच परत बोलावले. ते एक रुपया पगारावर आले. सोबत मदतनीस म्हणून मुलगा रोहन आला. नियम मोडला की नाही यावर तेव्हा बराच काथ्याकूट झाला. माझ्या मते तो मुद्दाच दुय्यम होता. मुख्य मुद्दा हा की पुढच्या वर्षभरात वरिष्ठ अधिकाऱ्यांची एक रांगच कंपनी सोडून गेली. उद्या आपला नंबर लागेल म्हणून जे थांबले होते, त्यांना कळले की कठीण वेळ आली की मंडळ मागे वळून बघते.

२०१४ मध्ये विशाल सिक्का आले, संस्थापकांपैकी नसलेले पहिले मुख्याधिकारी. मूर्ती बाहेर पडले. पण खुर्ची सोडली तरी लक्ष सुटले नव्हते. सिक्कांचा पगार किती वाढवला, आधीच्या वित्त अधिकाऱ्याला जाताना एवढी रक्कम का दिली, पनाया नावाची इस्रायली कंपनी विकत घेतली ती योग्य किमतीला का, असे प्रश्न मूर्ती आणि इतर संस्थापक जाहीरपणे विचारू लागले. मूर्तींचे म्हणणे होते की आपल्याला पैसा नको, पद नको, मुलांसाठी काही नको. कारभार स्वच्छ राहावा एवढेच हवे आहे. त्यांच्या हेतूवर शंका घ्यायचे मला कारण दिसत नाही. प्रश्नही विचारण्यासारखे होते. पण प्रश्न भागधारकाने सभेत विचारणे वेगळे आणि ज्याने घर बांधले त्याने दारात उभे राहून विचारणे वेगळे. १८ ऑगस्ट २०१७ रोजी सिक्कांनी राजीनामा दिला. सततच्या आरोपांमुळे काम करणे अशक्य झाले, असे त्यांनी लिहिले. मंडळाने उघडपणे मूर्तींकडे बोट दाखवले. त्या एका दिवसात शेअर जवळजवळ दहा टक्क्यांनी कोसळला. आठवडाभरात निलेकणी अध्यक्ष म्हणून परतले, नव्या मंडळाने चौकशीअंती पनायाच्या व्यवहारात गैर काही नसल्याचे सांगितले, आणि जानेवारी २०१८ मध्ये सलील पारेख आले. त्यानंतर गाडी रुळावर आली. संस्थापकांचे शेअर त्या वेळी सगळे मिळून तेरा टक्क्यांच्याही आत होते, हे लक्षात घ्या. ताबा नेहमी शेअरवर ठरत नाही. लोक कोणाकडे बघतात, यावरही ठरतो.

टीसीएसची हकीकत थोडक्यात सांगता येते, आणि तेच तिचे वैशिष्ट्य. १९६८ मध्ये मुंबईत सुरू झाली. फकीरचंद कोहली यांनी ती १९९६ पर्यंत सांभाळली. मग रामदोराई, जे १९७२ पासून तिथे होते. २००९ मध्ये चंद्रशेखरन, १९८७ पासून तिथे. २०१७ मध्ये राजेश गोपीनाथन, २००१ पासून तिथे. मार्च २०२३ मध्ये गोपीनाथन यांनी अनपेक्षितपणे राजीनामा दिला, आणि त्याच दिवशी के. कृत्तिवासन यांचे नाव जाहीर झाले. ते १९८९ पासून तिथे. पन्नासहून अधिक वर्षांत पाच माणसे आणि पाचही आतली. त्या मार्चमधला तो एक दिवस मला फार बोलका वाटतो. नाव त्याच दिवशी जाहीर होते, याचा अर्थ ते आधीच कुठेतरी तयार होते.

कोणी म्हणेल, टाटांची शिस्तच वेगळी. तसेही नाही. त्याच घराच्या वरच्या मजल्यावर, टाटा सन्समध्ये, २०१२ च्या अखेरीस रतन टाटांनी सायरस मिस्त्रींकडे सूत्रे दिली आणि २४ ऑक्टोबर २०१६ रोजी मंडळाने मिस्त्रींना हटवले. काही महिन्यांसाठी रतन टाटाच परत आले. भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२१ मध्ये निकाल टाटांच्या बाजूने लागला. खालच्या मजल्यावर जे जमले ते वर जमले नाही. टीसीएसमध्ये बसणारा प्रत्येक जण नोकरदार होता, कोणी घराचा धनी नव्हता. जो नोकरदार म्हणून आला त्याला जाणे सोपे जाते.

आपल्या घरांकडे येऊ. आपल्याकडे मालकी कोणाकडे किती जाईल याची चिंता फारशी नको. शरीयतने हिस्से ठरवून दिले आहेत. पत्नीचा, मुलांचा, मुलींचा. एक तृतीयांशापेक्षा जास्त वसीयत करता येत नाही. पण दुकान कोणी चालवावे, हे त्या हिश्शांत कुठेही लिहिलेले नाही. ते आपण ठरवायचे असते, आणि नेमके तेच आपण ठरवत नाही. मालकीचा हिस्सा मिळाला म्हणजे कारभाराचाही हक्क मिळाला, असा समज करून चार भाऊ एका गल्ल्यावर बसतात. बहिणीला मात्र तिच्या वाजवी हिश्शाचीही आठवण करून दिली जात नाही, मग ती गेली दहा वर्षे दुकानाची खतावणी लिहीत असली तरी. मी पाहिलेल्या दुकानांपैकी एकात खरा धंदा जिला कळतो अशी एकटी धाकटी मुलगी होती. तिचे नाव कोणाच्या मनातही आले नाही. तिथे मी तोंड उघडले, आणि चहा अर्धवट सोडून निघालो.

हिबाचा नियम आपल्याला माहीत असतो. देणाऱ्याने दिले म्हणावे, घेणाऱ्याने घेतले म्हणावे, आणि वस्तूचा ताबा प्रत्यक्ष द्यावा. नुसता कागद लिहून ताबा स्वतःकडे ठेवला तर हिबा पुरा होत नाही. घर, जमीन देताना आपण हे काटेकोर पाळतो. धंदा देताना मात्र पहिल्या दोन गोष्टी मोठ्या थाटात होतात, जेवणावळ होते, फोटो निघतात, आणि तिसरी राहून जाते. हार्डवेअरच्या एका दुकानात वडिलांनी मुलाला सगळे दिले. फक्त स्वतःची खुर्ची गल्ल्यापासून हलवून दाराजवळ ठेवली. गिऱ्हाईक आधी दारातच थांबते. मुलाने सांगितलेला भाव ऐकून परत दारात येते आणि म्हणते, "चाचा, तुम्हीच सांगा ना." चाचा दोन रुपये कमी करतात. चाचांना वाटते आपण मुलाला मदत केली.

ताबा देणे म्हणजे काय, तर काही साध्या गोष्टी. बँकेत दुसरी सही आज घालणे. ठोक व्यापाऱ्याकडे पुढच्या खरेदीला मुलालाच एकट्याने पाठवणे आणि तो महाग घेऊन आला तरी त्या दिवशी गप्प बसणे. किती रकमेपर्यंतचा निर्णय त्याने न विचारता घ्यायचा, हा आकडा ठरवून सांगणे. हा शेवटचा मुद्दा मी प्रत्येक घरात मांडतो आणि प्रत्येक घरात त्यावरच वाद होतो. कोणी म्हणतो पाच हजार, कोणी म्हणतो आकडा कशाला, आम्ही काय परके आहोत? परके नसतात म्हणूनच आकडा हवा. परक्याशी करार असतो. घरात सगळे गृहीत धरलेले असते. आणि मुलगा चुकला तर? चुकेल. तुम्ही जवळ असताना चुकलेला बरा. नुकसान झाले तरी तुमच्या डोळ्यांसमोर होईल आणि भरूनही निघेल.

संस्थांचे हाल तर याहून वाईट आहेत. आपल्या शाळा, वाचनालये, शिष्यवृत्तीचे ट्रस्ट हे कोणाच्या मालकीचे नसतात, लोकांची अमानत असतात. तिथे विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. प्रत्यक्षात कित्येक संस्थांच्या नोंदीत अजून मरहूम झालेल्यांची नावे आहेत. आधीचा चेंज रिपोर्ट मंजूर झालेला नसतो, त्यावर दुसऱ्या गटाची हरकत असते, म्हणून पुढचा अडतो. मग अध्यक्ष नेमका कोण, यावर दोन सह्या भांडतात, शिक्षकभरती लटकते, खाते गोठते, आणि पोरे बाकाविना बसतात. तीस तीस वर्षे एकच अध्यक्ष राहिला म्हणजे संस्था स्थिर आहे, असे आपण समजतो. त्या तीस वर्षांत त्यांनी कोणाला तयार केले, हे सर्वसाधारण सभेत विचारायला हरकत नसावी. वार्षिक अहवालात शाळेच्या निकालाची टक्केवारी असते, तसे हेही एका ओळीत यायला हवे.

एक प्रश्न मात्र मला खरोखर अवघड वाटतो. माणूस खुर्ची सोडत नाही तो दरवेळी सत्तेच्या हव्यासाने सोडत नाही असे नाही. बहुतेकांना सकाळी जायला दुसरी जागाच नसते. चाळीस वर्षे फजरची नमाज, चहा, मग दुकान असे गेल्यावर, उद्यापासून दुकान नाही म्हटल्यावर त्या माणसाने चहानंतर काय करायचे? कोहली यांनी टीसीएस सोडल्यावर प्रौढांना संगणकाच्या मदतीने वाचायला शिकवण्याचे काम हाती घेतले, आणि पुढे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या कारभारात लक्ष घातले. प्रेमजींकडे शाळाशिक्षणाचे काम करणारे फाउंडेशन होते. ते त्यांनी अध्यक्षपद सोडण्याच्या जवळपास दोन दशके आधी सुरू केले होते, आणि आपल्या शेअरचा मोठा भाग त्याच्या नावे करून ठेवला होता. म्हणजे उतरण्याच्या कितीतरी आधी पुढच्या सकाळची सोय झालेली होती.

आपल्या चाचांना फाउंडेशन काढायचे नाही. पण लोखंडाच्या बाजारातला चाळीस वर्षांचा अनुभव त्यांच्याकडे आहे. गावातली चार मुले वेल्डिंग, फॅब्रिकेशनची दुकाने टाकायच्या विचारात आहेत, त्यांना माल कुठून घ्यावा आणि कोणाला उधार देऊ नये, एवढेही कोणी सांगत नाही. मोहल्ल्याच्या वाचनालयात रोज सकाळी तासभर बसायला चाचा तयार आहेत का, असे त्यांच्या मुलाला मी विचारायला सांगितले आहे. दाराजवळची खुर्ची तिकडे न्यायची तयारीही त्याने दाखवली आहे. चाचांनी अजून हो म्हटलेले नाही. ईद झाल्यावर बघू, म्हणतात.